गोळी न घेता लिहिलेली पानं

मला पाहायला आले तेव्हा, पोहे खाऊन झाल्यावर, सगळ्यांदेखत यांनी सांगून टाकलं होतं, "मला फिट येतात. गोळ्या चालू आहेत. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं."

यांच्या आईनं मान खाली घातली. माझ्या वडिलांच्या हातातली बशी हातातच राहिली. पुढं आमच्या घरात बराच खल झाला, मामा तर नकोच म्हणाला. मी हो म्हणाले. इतकं सरळ बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि मला वाटलं, ज्याचं सगळं उघड आहे त्याची भीती कसली?

यांना फिट येताना मी पहिल्यांदा पाहिली ती लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. आम्ही तेव्हा शहागंजच्या मागं दोन खोल्यांत राहायचो. हे पेपर तपासत बसले होते. एकदम मान वर करून म्हणाले, "गूळ करपतोय बघ."

"अहो, चुलीवर काहीच नाही."

"नाही, गूळच आहे." आणि यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी बघतच राहिले. आतून कुणीतरी दिवा लावावा तसं. मग डाव्या हाताची मूठ हळूहळू मिटली, अंगठा आत गेला, आणि हे खुर्चीसकट खाली आले. पुढचं मी सांगत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांनी न पाहिलेलंच बरं. सगळं थांबल्यावर यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "तुम्ही कोण?"

त्यानंतर वर्षभर अधूनमधून येत राहिल्या. मग डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि फिट थांबल्या त्या थांबल्याच. मुलगी झाली, मोठी झाली, नोकरीला पुण्याला गेली. तिनं बाबांना कधी पडताना पाहिलं नाही. हे कॉलेजात मराठी शिकवायचे आणि पहाटे उठून कादंबरी लिहायचे. रोज एखादं पान, कधी तेही नाही. तशा दोन कादंबऱ्या झाल्या. नावाजल्या गेल्या, चार लोक भेटायला आले, कुठं कुठं सत्कार झाले. लिहिताना हे चिडचिडायचे, सोमवार की मंगळवार विसरायचे. पण जेवायला हाक मारली की यायचे. लेखकाच्या घरात एवढं चालायचंच, असं मी धरून चालले होते. गोळ्या हे स्वतः आणायचे, स्वतः घ्यायचे, स्वतःच्या खणात ठेवायचे. मी त्यात कधी लक्ष घातलं नाही, कारण घालावं लागलं नाही.

हे निवृत्त झाले आणि तिसरी कादंबरी सुरू झाली.

सिडकोतल्या आमच्या घरात वरची मागची खोली लिहिण्याची. आधी सकाळचे दोन-तीन तास तिथं जायचे. श्रावण लागेपर्यंत दिवसच्या दिवस जायला लागले. मी शाळेत गणित शिकवते, साडेदहाला बाहेर पडते ती सहाला येते. आल्यावर सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच दिसायचं. आधी मी बोलायची. मग ताट वर नेऊन समोर ठेवायला लागले. हे डाव्या हातानं चार घास खायचे, उजवा हात चालूच.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीत दुसरं काम नसतं. हौद भरायचा, टाकी भरायची, बादल्या, पिंप, घागरी, असेल नसेल ते. एकदा पाण्याचा दिवस माझ्या शाळेच्या वेळेत आला. मी यांना सांगून गेले, मोटर लावा, टाकी भरली की बंद करा. यांनी हो म्हणून मान हलवली. मी परत आले तेव्हा जिन्यावरून पाणी वाहत होतं, भिंती गळत होत्या, शेजारच्या काकू फाटकात उभ्या. "आवाज देऊन देऊन घसा बसला, सर उठलेच नाहीत हो." मी वर गेले. खोलीत घोट्याएवढं पाणी साचलेलं. हे पाय त्या पाण्यात ठेवून लिहीत होते. मी मोटर बंद केली, परत वर आले, तरी यांना मी आल्याचं कळलं नव्हतं. मी खांद्याला हात लावला तसे दचकले आणि म्हणाले, "पाऊस लागला का?"

मी हसले नाही. रागावलेही नाही. मला त्या क्षणी नुसतं थंड वाटलं.

गणपतीत मुलगी आली. आरतीला बाबा खाली आले नाहीत म्हणून ती बोलवायला गेली आणि लगेच परत आली. "आई, बाबा बारीक झालेत. आणि बोलत होते माझ्याशी, पण माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या मागं कुणी उभं असल्यासारखं तिकडं बघत होते." मी म्हणाले, पुस्तकाचं चाललंय, होईल नीट. तिला सांगता सांगता स्वतःलाही सांगितलं.

पण एक गोष्ट खरी, हे आनंदात होते. इतके आनंदात मी यांना कधी पाहिलं नव्हतं. पूर्वी पानभर लिहून उठले की दाढ काढून आल्यासारखा चेहरा असायचा. आता कागदांची चळत वाढत होती आणि हे जिना उतरताना गुणगुणायचे.

दिवाळी झाल्यावरचा रविवार. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. हे दारात आले, चौकटीला धरून उभे राहिले, नाक वर करून म्हणाले, "गूळ करपतोय का गं?"

माझ्या हातातली जुडी खाली पडली. गॅस बंद होता. घरात गूळ होता तो डब्यात. मी यांच्याकडं पाहिलं. तो दिवा परत लागला होता. आणि मला भीती वाटली ती वासाची नाही. पूर्वी तो वास आला की हे घाबरायचे, मला हाक मारायचे, खाली बसायचे. या वेळी हे वळले आणि जवळजवळ पळत जिना चढून गेले. मी मागं धावले. दार लोटलेलं होतं. फटीतून पाहिलं तर हे लिहीत होते. पेन कागदावर नुसतं पळत होतं. थोड्या वेळानं डावी मूठ मिटली, सैल झाली, पुन्हा मिटली. हे पडले नाहीत. मान टेबलावर टेकली, काही वेळ तशीच राहिली, आणि मग हे उठून परत लिहायला लागले.

संध्याकाळी मी विचारलं, "गोळ्या घेताय ना?"

"घेतोय की," म्हणाले.

सरळ बोलणारा माणूस. मी विश्वास ठेवला नाही, पण ठेवला असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुलमंडीला गेले. आमची औषधं तिथल्या एका जुन्या दुकानातून येतात. दुकानवाले चाचा मला ओळखतात. मी अजून काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "भाभी, सरांची दवा बंद केली का डॉक्टरनं? लई दिवस झाले, आलेच नाहीत. मला वाटलं, दुसरीकडून नेतात."

"कधीपासून नाही आले?"

"राखीच्या आसपास आले होते. उसके बाद नहीं." मग माझा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "ही दवा अशी एकदम सोडायची नसते भाभी. बहोत खतरा है."

मी गोळ्यांचं पाकीट घेऊन रिक्षात बसले. शहर रोजच्यासारखं चाललं होतं. पैठण गेटला गर्दी, क्रांती चौकात सिग्नल. आणि मला एकच दिसत होतं, आमचा जिना, त्याच्या पायऱ्या, त्यांच्या कडा.

मी पाकीट यांच्या कागदांवर ठेवलं. यांनी ते पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"बस," म्हणाले. "तुला सांगायचंच होतं. पुस्तक झाल्यावर सांगणार होतो."

कादंबरी कशावर आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. लिहून होईपर्यंत हे कधीच सांगत नसत. त्या दिवशी सांगितलं. यांची एक आत्या होती. फर्दापूरजवळ, डोंगराच्या पायथ्याच्या गावात, यांच्या वडिलांच्या घरात राहायची. लग्न झालं होतं, पण सासरच्यांनी आणून सोडली होती, कारण तिला आकडी यायची. यांनाही त्याच घराण्यातून आली, पण हे लहान होते तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं. आत्याला आकडीच्या आधी वास यायचा. करपलेल्या गुळाचा. ती ओरडायची, "गूळ बघा गं कुणीतरी," आणि बायका हसायच्या. मग तिचा चेहरा उजळायचा. गावातले काही जण म्हणायचे, तिच्या अंगात येतं. नवरात्रात तिच्यापुढं नारळ ठेवायचे, मुलगा होईल का विचारायचे. पुढं एका लग्नात ती मांडवातच पडली आणि मग तीच माणसं तिची सावली टाळायला लागली. एके दिवशी ती मळ्यातल्या विहिरीवर धुणं घेऊन गेली. धुणं काठावर सापडलं. ती पाण्यात.

"पडली की उडी घेतली, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही," हे म्हणाले. "मला विचारायचं वय नव्हतं, नंतर सांगणारे उरले नाहीत. मला ते लिहायचंय. शेवटच्या वेळी तिला काय दिसलं ते."

"ते गोळ्या घेऊन लिहिता येत नाही?"

"नाही येत गं. मी करून पाहिलं. गोळीनं सगळं ओल्या कापसात गुंडाळल्यासारखं होतं. शब्द येतो, वाक्य येत नाही. वास येतो ना, त्याच्या पाठोपाठ थोडा वेळ असतो. तेवढ्यात सगळं दिसतं. सगळं म्हणजे सगळं. ती तिथं उभी असायची. इतकी वर्षं ते दार मी रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं लावून घेत होतो."

"आणि तसेच जिन्यावरून पडलात म्हणजे?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय. ते झालं की तुझ्या हातानं गोळी दे, घेतो."

मी रडले, भांडले, मुलीला फोन लावून यांच्या कानाला लावला. डॉक्टरांना भेटले. मेंदूचे डॉक्टर, शांत माणूस, पण माझं ऐकून उठून उभे राहिले. म्हणाले, "एक फिट आली तर निभावून जाईल. पण अशी गोळी सोडली की कधी कधी एकीमागून एक येत राहतात, थांबतच नाहीत. मग आमच्याही हातात फार राहत नाही. आजच्या आज सुरू करा."

मी गोळी हातावर ठेवायची. हे माझ्यासमोर तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे. आठवडा असाच गेला. मग एकदा धुवायच्या आधी सदऱ्याचा खिसा चाचपला तर आत ओल्या होऊन सुकलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या गोळ्या. मी त्या मुठीत घेऊन बाथरूममध्येच खाली बसले. ज्यांनी सगळ्यांदेखत आपलं दुखणं सांगितलं होतं ते आता जिभेखाली गोळी लपवत होते.

त्या दुपारी हे खुर्चीतच झोपले होते. मी चळतीतली वरची थोडी पानं उचलली आणि गॅलरीत नेऊन वाचली. मला यांना पकडायचं होतं. हे वेडाचार लिहीत असतील, म्हणजे दाखवून देता येईल, असं मनात होतं. तसं नव्हतं. ती पानं फार चांगली होती. मी काही समीक्षक नाही, पण यांची दोन्ही पुस्तकं मी पहिली वाचली आहेत, आणि त्यांत असं काही नव्हतं. मांडवात आत्या पडते ते प्रकरण होतं. तोवर मी फिट बाहेरूनच पाहिली होती, म्हणजे दात, फेस, पाय. पहिल्यांदा ती मला आतून दिसली. बायकांच्या बांगड्यांचा आवाज लांब लांब जातो, मांडवाची आंब्याची पानं एकेक करून वेगळी दिसायला लागतात, प्रत्येक पान जणू तिच्याशीच काही बोलणार आहे, आणि तेवढ्यात.

मी वाचून संपवलं. हे वाईट असतं तर किती सोपं झालं असतं!

पानं जागेवर ठेवली आणि पुन्हा डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सोमवारी दाखल करून घ्यायचं ठरवलं. मुलगी रविवारी रात्री येणार होती, दोघी मिळून यांना नेणार होतो. यांनी चालवू नये म्हणून स्कूटरची किल्ली मी पर्समध्ये घेऊन फिरत होते.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत शेजारच्या काकूंचा फोन आला. "बाई, सर घराची किल्ली देऊन गेले आत्ता. पिशवी होती हातात. म्हणाले, फर्दापूरला चाललो, शेवटचं तिथंच होईल. म्हटलं तुम्हाला सांगावं. काही बरोबर वाटलं नाही मला."

"शेवटचं प्रकरण म्हणाले का?"

"नाही हो. नुसतं शेवटचं म्हणाले."

मी तशीच निघाले. मुख्याध्यापिकांना काय सांगितलं आठवत नाही. स्टँडवर जळगावची गाडी लागलेली होती. यांचा फोन वाजत होता, उचलला जात नव्हता. सिल्लोडच्या पुढं तो वाजायचाही बंद झाला. गाडी भरलेली, बायका कापसाच्या भावाचं बोलत होत्या, ड्रायव्हर मागच्या गाडीवाल्याशी हॉर्ननं भांडत होता. मी खिडकीबाहेर बघत मनात एकच घोकत होते, वास येऊ नये, आज वास येऊ नये. अजिंठ्याचा घाट लागला तेव्हा खाली दरीत धुरकट ऊन पडलं होतं.

फर्दापूरला उतरले. आम्ही पूर्वी एक-दोनदा ज्या लॉजवर उतरलो होतो तिथं गेले. काउंटरवरच्या माणसानं ओळखलं. "सर ना? पिशवी टाकून लगेच गेले. पॅड तेवढं घेतलं. रिक्षा करून गावाकडं गेले, जेवलेबी नाय."

मीही रिक्षा केली. गाव तिथून लांब नाही. यांचं घर कधीच पडलं, मळा विकला गेला, तरी वाट मला माहीत होती. लग्नानंतर देवदर्शनाला आणलं होतं तेव्हा सासूबाईंनी लांबूनच दाखवला होता तो मळा. जवळ नेलं नव्हतं. रिक्षा बांधापाशी थांबली. शेतात एक बाई कापूस वेचत होती. मी विचारलं, "कुणी वयस्कर माणूस आला का हो इकडं? चष्मेवाले?"

"व्हय, आलेत की." तिनं हातातली बोंडं ओटीत टाकली. "हिरीच्या काठावर बसल्येत. म्या म्हनलं, बाबा, आत सरका, कठडा ढासळलाय तिथला. तर ऐकंनातच. लिव्हत्यात नुसतं. तुमचे कोन?"

"मालक माझे. तुम्ही जरा या माझ्याबरोबर. ओरडू मात्र नका."

ती लगेच आली. विहीर चिंचेच्या झाडाखाली होती. जुनी, दगडी, रुंद तोंडाची. एका बाजूचा कठडा आत कोसळलेला, आणि नेमके तिथं हे बसले होते, पाय आत सोडून, पॅड मांडीवर. पाठ आमच्याकडं. मी चपला काढल्या. हाक मारावी तर दचकतील, न मारावी तर आणखी दचकतील. मी लांबूनच हळू बोलायला लागले, घरात बोलावं तसं. "अहो, मी आलेय."

यांनी मान वळवली. राग नाही, आश्चर्य नाही. हसले. "आलीस? बस इथं. झालंच आहे."

"मागं सरकून बसा ना. मला जागा द्या."

"ती पडली नाही गं," हे म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "आणि उडीही नाही घेतली. आम्ही सगळे उगीच..." आणि थांबले. नाक वर गेलं. "थांब. वास येतोय."

मी यांच्या डाव्या हाताकडं पाहिलं. बोटं मिटत होती.

त्यानंतर मी काय केलं ते मला त्या बाईनं नंतर सांगितलं. मी म्हणे ओरडले आणि पळाले, यांची मानगूट आणि काखेतला सदरा धरला आणि स्वतःला मागं झोकून दिलं. मला आठवतं ते एवढंच, की सदरा टर्रकन फाटला, आणि एक क्षण हातात नुसतं कापड होतं. तेवढ्यात त्या बाईनं यांचा दंड धरला होता. आम्ही तिघं मागं पडलो. कठड्याचा आणखी एक दगड सुटला, आणि तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला असं मला वाटलं.

यांना फिट आली ती तिथंच, चिंचेखाली. मी यांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी घातली. बाईनं चप्पल हुंगवायला काढली, मी नको म्हणाले. तिनं ऐकलं आणि यांचे पाय धरून बसली. एक फिट ओसरली. मी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि दुसरी आली. हे मधे डोळे उघडत नव्हते. डॉक्टर उभे राहून काय बोलले होते ते मला आठवलं. रिक्षावाल्यानं यांना उचलून घेतलं. सिल्लोडला इंजेक्शन दिलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं शहरात आणलं. वाटेत पुन्हा एकदा आली. नळीतून ऑक्सिजन चालू होता आणि मी यांची डावी मूठ माझ्या दोन्ही हातांनी उघडून धरली होती, जणू ती मिटू दिली नाही की सगळं थांबेल.

यांना बरेच दिवस झोपवून ठेवलं होतं. मुलगी आली. आम्ही दोघी काचेबाहेर बसून असायचो, फार बोलायचो नाही. जागे झाले तेव्हा यांनी तिला ओळखलं, नावानं हाक मारली. माझ्याकडं बघून म्हणाले, "तू शाळेत नाही गेलीस?" आम्ही दोघी रडलो. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

पण श्रावणापासूनचे सगळे महिने गेले होते. गणपती, दिवाळी, विहीर, काही आठवत नव्हतं. कादंबरी सुरू केल्याचं आठवत होतं, पहिली दोन प्रकरणं आठवत होती. घरी आल्यावर यांनी चळत पाहिली आणि घाबरले. "हे सगळं मी लिहिलं?"

हे रोज थोडं थोडं वाचायला लागले. मी खाली भाजी चिरत असले तरी कान वरच असायचे. एकदा हे पानं हातात घेऊन खाली आले, मांडवातलं प्रकरण होतं. म्हणाले, "हे मला जमणारं नाही. हे दुसऱ्याच कुणाचंतरी आहे. फार चांगलं आहे." चेहरा असा, की कुणी आपल्या घरात राहून गेलं आणि आपल्याला पत्ता नाही.

विहिरीवरचं पॅड त्या बाईनं रिक्षात टाकलं होतं. ते मी लपवून ठेवलं होतं, पण यांनी मागितल्यावर दिलं. पहिल्या पानावर अक्षर होतं. दुसऱ्यावर अक्षरं मोठी होत, वाकत, एकमेकांवर चढत गेलेली. मग नुसत्या रेघा. गोल, लाटा, पुन्हा गोल, ओळी मात्र अगदी सरळ, समास सोडलेला, शेवटी पूर्णविरामासारखे ठिपके. पानांमागून पानं. हे लिहीत होते, वाक्यं होत आहेत असं यांना वाटत होतं, आणि कागदावर काही उतरतच नव्हतं. हे दुपारभर ते पॅड घेऊन खिडकीत बसले. उजेडासमोर धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

मग मला विचारलं, "विहिरीवर मी तुला काही बोललो होतो का?"

मी सांगितलं. "म्हणालात, ती पडली नाही, उडीही घेतली नाही."

"मग?"

"मग वास आला म्हणालात."

"त्याच्या आधी? मधे काही?"

"आम्ही सगळे उगीच, एवढं म्हणालात. पुढं काही नाही."

शेवटचं प्रकरण यांनी गोळ्या घेत घेत लिहिलं. सगळा हिवाळा गेला. दिवसाला चार-सहा ओळी, पूर्वीसारख्या, दाढ काढून आल्यासारख्या चेहऱ्यानं. आत्या धुणं काठावर ठेवते आणि पदर खोचते, तिथं कादंबरी संपते. पुण्याच्या प्रकाशकांना शेवट आवडला, फार संयमानं केलाय म्हणाले. पुस्तक आलं, आणि यांच्या आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त वाचलं जातंय. लोक घरी येतात, सह्या घेतात. एका बाईंनी विचारलं, ते मांडवातलं तुम्हाला कसं सुचलं? हे म्हणाले, मला माहीत नाही. बाईंना तो विनय वाटला.

मी नोकरी सोडली आहे. गोळी सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर घेतात, पाणी पितात आणि मी न सांगता तोंड उघडून जीभ वर करून दाखवतात. तेव्हा आम्ही दोघंही दुसरीकडं बघतो. फिट एकदाही आलेली नाही. मुलगी म्हणते, आता पुण्याला या. हे म्हणतात, जाऊ की.

पण अधूनमधून, जेवता जेवता किंवा चहाच्या वेळी, हे एकदम विचारतात, "त्या दिवशी मी बोललो ते सगळं तू मला सांगितलंस ना?"

"सगळं सांगितलं."

"एखादा शब्द राहिला असेल. घाईत होतीस तू."

"काही राहिलं नाही हो."

गेल्या आठवड्यातही विचारलं, मी तेच सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे ते फक्त मलाच माहीत होतं," आणि ताट पुढं सरकवून वर निघून गेले. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून ऐकत होते. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, खण उघडल्याचा आला, मग काही नाही.

दुसऱ्या दिवशी हे फिरायला गेल्यावर मी सुताराला बोलावलं आणि त्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून घेतली.